बाधित होण्याचा संभव असलेली कोणतीही व्यक्ती

सेमिनरी हिल्सच्या चढावर, केंद्र सरकारच्या कार्यालयाच्या
भिंतीला पाठ लावून मी बसतो. दहा ते एक.
एकनंतर मे महिन्यात नागपुरात
राजपत्रालाही हात लावता येत नाही.

एकतीस वर्षं याच भिंतीच्या आत अनुवादक होतो.
इंग्रजीतल्या लांब वाक्याचं
हिंदीत तेवढंच लांब वाक्य करायचो.
श्वास कुठे घ्यायचा, ते दोन्हीकडे लिहिलेलं नसायचं.
आता बाहेर बसून तीच वाक्यं मराठीत सोडवतो.
फी एक चहा. साखर कमी.

कौसल्या सहारे आली तेव्हा पिशवीत
न फुगवलेले फुगे होते, आणि घड्या घालून घालून
कापडासारखा मऊ झालेला कागद.
फुटाळ्यावर फुगे विकते. सिलेंडर स्वतःचा.
"धंदा बंद होते म्हन्ते लोकं.
वाचा न भाऊ. पन माह्या भाषेत वाचा."

वाचलं: उक्त नियमांच्या नियम चारमध्ये,
उपनियम दोननंतर, पुढील परंतुक—
"थांबा. हा उक्त कोन?"
कोणी नाही. मघाशी ज्याचं नाव घेतलं, तोच.
"मंग मघासचा म्हना न.
मले वाटलं, मोठा सायब हाय."
आणि परंतुक म्हणजे 'पण'.
"एवढ्याशा 'पन'ले एवढं मोठं नाव काहून?"
हे मला आतमध्ये कुणी विचारलं नव्हतं.

मग सांगितलं:
सिलेंडर दर वर्षी तपासून शिक्का मारून घ्यायचा.
शिक्का नसेल तर गर्दीत उभं राहायचं नाही.
गॅस भरताना पंधरा पावलांत पोर नको.
एक गोष्ट मी गाळणार होतो, 'करील' आणि 'करू शकेल'.
सोपं करताना हात नेहमी तिथेच घसरतो.
अधिकारी सिलेंडर जप्त करू शकेल, असं होतं,
करीलच, असं नव्हतं.
त्या 'शकेल'मध्ये एक माणूस उभा असतो,
त्याचं सकाळचं भांडण, त्याचं ऊन,
पोरासाठी त्यानं कधीतरी घेतलेला फुगा.
"त्याले ओळखते मी," ती म्हणाली.

मग बराच वेळ फुगे मोजत बसली.
"पोराचं बराबर हाय. मागं एका पोरीचा हात भाजला.
पन शिक्का मारनारा एकच, हिंगण्याले.
तीन तीन महिने नंबर लागत नाही.
तवर खाऊ काय?"

मी शेवटच्या परिच्छेदाकडे वळलो, जो कुणीच वाचत नाही.
हा अजून मसुदा आहे. तीस दिवसांच्या आत
बाधित होण्याचा संभव असलेली कोणतीही व्यक्ती
हरकत किंवा सूचना पाठवू शकेल.
"हे कोन?"
तुम्ही.
तिनं मागे वळून पाहिलं,
भिंतीशी आणखी कोणी उभं आहे का ते.

चार ओळी झाल्या. शिक्का मारू, पण मारणारे वाढवा,
नाहीतर वेळ द्या.
मी सवयीनं वर 'सविनय' लिहिलं,
तिनं ते खोडायला लावलं.
"विनंती नाही करून राहिली. सांगून राहिली."
सव्विसाव्या दिवशी जीपीओतून स्पीड पोस्ट.
पावती फुग्यांच्या पिशवीत.

दिवाळीनंतर अंतिम अधिसूचना निघाली.
मुदत चार महिन्यांनी वाढली होती,
का, ते कुठेच नव्हतं. शिक्का मारणारा एकच.
वर फक्त एक ओळ. समासात पेन्सिलीनं
मी तिची मराठी केली:
प्राप्त हरकती विचारात घेण्यात आल्या आहेत.

"माहं नाव कुठं हाय?"
नाव नसतं. पण बघा, 'हरकत' नाही लिहिलं,
'हरकती' लिहिलंय.
ही जी वेलांटी आहे ना शेवटी,
तिच्यात तुम्ही आहात. बाकी कोण, मला माहीत नाही.

तिनं वेलांटीवर बोट ठेवलं.
नखाखाली पिवळ्या रबराची पूड.
"लय बारीक हाय," म्हणाली,
आणि बोट तसंच ठेवून
दुसऱ्या हातानं चहावाल्याला खूण केली.